आसेगावच्या पाहुण्यांचा थंडा

केनवडला आमच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी वेळ जरा वेगळीच वागायची. घड्याळात दोन-अडीच वाजलेले असायचे, पण ती दुपार काही केल्या पुढे सरकायची नाही. खिडकीतला कूलर ओल्या वाळ्याचा वास फेकत राहायचा, पडद्यातून गाळून आलेला हिरवट उजेड फरशीवर पडून असायचा, आणि मी त्या उजेडात चटई टाकून अर्धी जागी, अर्धी झोपेत लोळत असायचे. मग फ्रिजचं दार उघडायचं. मग बाटलीचं झाकण फिरायचं आणि तो लांबलचक फुस्स आवाज यायचा. डोळे न उघडताच मला कळायचं की बाबांचं जेवण झालं.

आमच्याकडे कोल्ड्रिंक कुणी म्हणत नाही. थंडा म्हणतात. काळा थंडा, नारंगी थंडा आणि पांढरा थंडा, एवढ्या तीनच त्याच्या जाती. बाबा काळ्याचे. त्यांचा भरलेला गिलास मी कधीकधी कानाला लावायचे. आत बारीक चुरचुर चाललेली असायची, बुडबुडे तळातून सुटून वर यायचे आणि वर आल्यावर नाहीसे व्हायचे. ते बघता बघता मला खरंच झोप लागायची. झोपेतही काहीतरी खालून वर येत राहायचं, असं आता आठवतं. खरं होतं की मी नंतर जोडलं, देव जाणे.

बाबांच्या लेखी थंडा हे औषध होतं. आमच्या घरचं जेवण म्हणजे तर्रीचं वांगं, वर ठेचा, वर कच्चा कांदा. ते पोटात गेलं की त्यांची छाती जळायला लागायची. मग ते गिलासभर थंडा एका दमात रिचवायचे, डोळे मिटून वाट बघायचे आणि असा ढेकर द्यायचे की ओसरीतलं मांजर उठून जायचं. "झालं. मोकळं झालं," म्हणायचे. तासाभरात तीच जळजळ गळ्यापर्यंत चढायची, तेव्हा मात्र दोष आईच्या फोडणीचा. ढेकर म्हणजे पोटात गेलेला थंड्याचाच वायू परत येतो, त्यानं आंबट कमी होत नाही, उलट वर येतं, हे मी त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पुस्तक लिवनाऱ्याले येकदा आपल्या घरी जेवाले बोलाव."

आईनं मात्र त्याच बाटलीचा दुसरा उपयोग शोधला होता. झालं असं की चुलत बहिणीच्या पोरीच्या बारशाला आणलेल्या मोठ्या बाटल्या अर्ध्या उरल्या. त्यातला जीव गेलेला. बुडबुडे नसलेला थंडा आमच्याकडे गडीमाणूसही पीत नाही. आणि आईच्या हातून काही फेकवलं जात नाही, शिळी पोळीसुद्धा ती दहा रूपांत परत ताटात आणते. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या काठाला, नळाच्या तोटीला, न्हाणीतल्या फरशीला पांढरा थर चढायचा आणि तो विळ्यानं खरवडला तरी निघायचा नाही. आईनं एके दिवशी तो उरलेला थंडा न्हाणीत ओतला आणि स्वयंपाकाला लागली. भाकरी उरकून परत गेली तर थर मऊ झालेला. नारळाच्या शेंडीनं घासलं आणि तोटीत तिला स्वतःचा चेहरा दिसला. मला हाका मारून बोलावलं. आम्ही दोघी न्हाणीत उकिडव्या बसून त्या तोटीत आमची लांबट तोंडं बघत हसत राहिलो.

त्यानंतर तिला ते वेडच लागलं. संडासाचं भांडं, गोठ्याचं गंजलेलं कुलूप, करपलेलं पातेलं. बाबासुद्धा शेतातल्या मोटरचे गंजके बोल्ट वाटीत थंड्यात बुडवून ठेवायला लागले. सकाळी वाटीत तांबूस पाणी आणि बोल्ट मोकळे. फक्त एकदा फजिती झाली. बैठकीतल्या पॉलिशच्या फरशीवर चहाचा डाग होता, तिथे आईनं थंडा ओतला आणि शेजारीण आली म्हणून गप्पांत विसरली. डाग गेला, पण पॉलिशही गेलं, आणि पाण्यानं धुवायचं राहिल्यामुळे सगळ्या गल्लीतल्या मुंग्या जेवायला आल्या. तेव्हापासून ती पॉलिशची फरशी सोडून बाकी सगळ्यावर हात चालवायची, आणि ओतलं की भरपूर पाण्यानं धुवायची.

"न्हानी आन तुमचं पोट," ती बाबांना म्हणायची, "दोन्ही येकाच बाटलीनं साफ होऊन राह्यले."

"मंग आतून चमकत असन ना मी!" बाबा म्हणायचे आणि पुन्हा गिलास भरायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग माझं बी.एड. संपलं आणि घरात सोयरिकीची बोलणी सुरू झाली. तिथून थंड्याकडे बघायची माझी नजर बदलली.

आमच्या केनवडच्या बाजूची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलगी बघायला आलेले पाहुणे तोंडावर नाही म्हणत नाहीत. तसं म्हणणं वाईट दिसतं. ते फक्त समोर ठेवलेलं पीत नाहीत. आधी हा मान चहाचा होता. पण लग्नाची बोलणी बहुतेक उन्हाळ्यात होतात, आणि वैशाखात चहा कोण देतो, म्हणून तो मान थंड्याकडे आला. गिलास रिकामा झाला की सोयरीक पुढे सरकली. गिलास भरलेला राहिला की मुलीकडच्यांनी समजून घ्यायचं, पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायचं आणि विषय पुन्हा काढायचा नाही. कुणाचा अपमान नाही, कुणाचं भांडण नाही. आमचे मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, या रीतीचे जणू पहारेकरी होते. पाहुणे बोलत असताना काका त्यांच्या तोंडाकडे बघतच नसत, त्यांची नजर गिलासांवर.

आसेगावचे पाहुणे आले ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे अजून पाण्याखाली असल्यासारखी हलते. मुलगा आणि त्याचे वडील, दोघंच आले होते. वडील उंच, वाळलेले, पांढऱ्या सदऱ्यातले. फार हळू बोलणारे. त्यांची थोडी शेती होती, आणि मुलगा वाशिमला माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होता. मी ट्रे घेऊन गेले, गिलास ठेवले, शिकवल्यासारखी बसले. थोड्या वेळानं काकांनीच उदारपणे सांगितलं, "जाऊ द्या पोरायले वर. बोलू द्या."

गच्चीवर टाकीच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. ऊन इतकं पांढरं होतं की समोरची शेतं नसल्यासारखीच दिसत होती. तो टाकीकडे बघत होता. मग म्हणाला, "तुमच्या घरी बोअरचं पाणी आहे ना?"

मी म्हटलं, हो.

"मग नळाला थर कसा नाही? हात धुताना पाहिलं मी. आमच्या प्रयोगशाळेतला नळसुद्धा असा चमकत नाही."

जगात कुणी पहिल्या भेटीत मुलीच्या घरच्या नळाची तारीफ केली नसेल. मला इतकं हसू आलं की शिकवलेलं सगळं विसरून मी त्याला आईचं गुपित सांगून टाकलं. तोही हसला. मग सांगायला लागला की मातीचा आंबटपणा मोजायचं यंत्र असतं, त्या मापाला सामू म्हणतात, आणि एकदा दुपारी काम नव्हतं म्हणून त्यानं ते यंत्र काळ्या थंड्यात बुडवलं होतं. आपली काळी माती आठाच्या आसपास. थंडा अडीच. आकडा जितका खाली तितकं आंबट. "लिंबाचा रसही जवळपास तेवढाच असतो," तो म्हणाला, "पण लिंबाचा रस कुणी गिलास भरून पीत नाही. याच्यात साखर एवढी असते की जिभेला आंबट कळतच नाही. दातांना कळतं. पोटाला कळतं." पोटाला म्हणताना तो जरा थांबला होता. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही. मी त्याच्या बोटांच्या कडांना लागलेली काळी माती बघत होते आणि मला ती फार आवडली होती. खाली उतरायच्या आधी त्यानं नंबर दिला. म्हणाला, "माती तपासायची असली तर."

खाली आलो तेव्हा बैठकीत शांतता होती. बाबांचा गिलास रिकामा, काकांचा रिकामा, मुलाचा त्यानं जायच्या आधीच संपवला होता. त्याच्या वडिलांचा गिलास काठोकाठ भरलेला. बाहेरून घाम फुटून टीपॉयवर पाण्याचं गोल झालं होतं. आईनं पडद्याआडून दोनदा सुचवलं, बाबांनी हातानं पुढे सरकवला. दोन्ही वेळा ते माणूस ओशाळून म्हणालं, "असू द्या, असू द्या." बुडबुडे थांबले होते.

त्यांना पोचवून काका परत आले, तो गिलास उचलून उजेडात धरला आणि खाली ठेवला. "आलं उत्तर," म्हणाले.

आईनं गिलास उचलला, न्हाणीत नेला आणि सवयीनं फरशीच्या कोपऱ्यात ओतला. पांढऱ्या थरावर फेस आला. मी दारात उभी होते. मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, ते दुःखाचं कमी आणि रागाचं जास्त होतं. गच्चीवर हसलेला माणूस खाली येऊन असा निघून जातो, आणि मला नाही म्हणायला एक गिलास पुरतो!

राग दोन-तीन दिवस टिकला. मग मीच फोन केला. म्हटलं, "आमच्या शेतातली माती तपासायची आहे." मग भरल्या गिलासाचा आमच्याकडे काय अर्थ होतो तेही सांगून टाकलं. सुरुवातीला तो पुस्तकी मराठीत बोलत होता, पण धीर सुटला तशी भाषाही सुटली.

"बाबाईच्या पोटात जखम हाये," तो म्हणाला. "अल्सर. डॉक्टरनं चहा, तिखट, थंडा, सारं बंद केलं. मांगच्या लग्नात लोकायनं जबरदस्ती केली, येक गिलास पेले, तं सलाईन लावा लागली. रस्त्यानं येतानाच मी म्हनलं, सांगून द्या ना बाबा खरं. तं म्हने, पोरीवाल्यायले कायले सांगतं? बिमारीचं घर म्हनतीन, आन तुही सोयरीक मोडन. म्हनून मुकाट बसले. त्याईले वाटलं येक गिलास न पेल्यानं काय होते. तुमच्याकडची रीत त्याईले ठावकी नोयती."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. माझा बाप जळजळ थांबावी म्हणून थंडा प्यायचा, आणि हा बाप जळजळ लपवायची म्हणून पीत नव्हता. दोघांच्या मधे मी लटकले होते.

खरं सांगितलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. पण बाबांना सांगावं तर काकांना कळणार, काकांना कळलं तर सगळ्या भावकीत बिमारीचं घर म्हणून बोभाटा, आणि त्या माणसानं जे टाळायला तोंड मिटलं होतं तेच माझ्या तोंडून झालं असतं. मी फक्त आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"पोटातली जळजळ म्हंजे काय बिमारी हाये?" ती शेवटी म्हणाली. "तसं पाह्यलं असतं तं तुह्या बापासंग माही सोयरीकच होत नोयती."

मग हात थांबले. "तुले पोरगा पसंत हाये काय वं?"

मी मान हलवली. आईनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

पुढच्या आठवड्यात मध्यस्थाकडून निरोप आला की आसेगावचे पाहुणे पुन्हा येऊ इच्छितात. काकांना हे विचित्र वाटलं. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा येतं कोण? "येऊ द्या," ते म्हणाले, "पन आपन काही बोलाचं नाही. थंडा ठेवाचा. पेला तं सोयरीक. नाही पेला तं रामराम, मंग तिसऱ्यांदा दारात उभं करनार नाही." बाबांनी मान डोलावली. त्यांचा मागच्या वेळचा अपमान अजून ओला होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "मी त्याईले रीत सांगतली," तो म्हणाला. "तं म्हने, बस येवढंच होतं? या बारीनं पेतो मी. जे होईन ते होईन. मी लय भांडलो. आयकूनच नाही राह्यले."

फोन ठेवून मी गच्चीवर जाऊन बसले. उन्हं उतरली होती, तरी टाकी अजून तापलेली होती. मला लग्न हवं होतं. तो मुलगा हवा होता, त्याची ती मातीची बोटं हवी होती. पण त्या हळू बोलणाऱ्या माणसाच्या आत ते काळं पाणी उतरताना मला दिसत होतं, न्हाणीच्या कोपऱ्यात फेसाळलेलं दिसत होतं, आणि मी ते दिसणं थांबवू शकत नव्हते. गिलास रिकामा झाला तर मी सुटणार होते आणि तो माणूस सलाईनवर जाणार होता. भरलेला राहिला तर तो वाचणार होता आणि माझं सगळं तिथेच संपणार होतं. खाली येऊन मी आईला म्हटलं, "मोडू दे सोयरीक. मले असं नोको."

आई दिवा लावत होती. वात पुढे सरकवून, हात पदराला पुसून म्हणाली, "ज्यानं मी न्हानी घासतो, ते त्या मानसाच्या पोटात कसं वतू मी? तू झोप. सकाळी मले जुना गूळ काढून दे."

सकाळी तिनं कोठीतला सगळ्यात काळा गूळ फोडला. पातेल्यात पाणी, गूळ आणि मूठभर बडीशेप घालून उकळत ठेवलं. घरभर गोड, हिरवा वास सुटला. रंग अजून हवा तसा येईना, तेव्हा आणखी गूळ टाकला आणि मंद आचेवर आटवत बसली. चिंच नाही, लिंबू नाही, आंबट म्हणून काही नाही. फडक्यातून दोनदा गाळलं, माठाच्या गळ्याशी ठेवून गार केलं, मग फ्रिजमध्ये मागे, लोणच्याच्या बरणीआड. बाबा बाजारातून काळ्या थंड्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन आले तेव्हा आई ओट्यावर पोहे भिजवत होती. चेहऱ्यावर काही नाही. माझ्या आईला नाटकात घातलं असतं तर तिनं नाव काढलं असतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दुपारी ते आले. तोच पांढरा सदरा. मुलगा दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. स्वयंपाकघरात आईनं चार गिलास मांडले. तीन बाटलीतून भरले, चौथा पातेल्यातून. गार झाल्यावर तो इतका काळा दिसत होता की मीही क्षणभर गोंधळले. फरक फक्त एकच. तीन गिलासांत बुडबुडे धावत होते आणि चौथा शांत होता. आईनं तो उंचावरून ओतून वर थोडा फेस आणला, पण फेस दारापर्यंतही टिकणार नव्हता.

"डावीकडचा," ती कुजबुजली. "चाल लवकर."

मी चालले. स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंतची ती वाट मला अजूनही कधीकधी झोपेत लागते. कूलर घरघरत होता, पडद्याचा हिरवा उजेड ट्रेवर हलत होता, गिलास एकमेकांना लागून हळू किणकिणत होते, आणि मला वाटत होतं की मी चालतच राहणार, बैठक येणारच नाही. मग ती आली. काका वाटेतच बसले होते. त्यांनी सहज हात पुढे केला, नेमका डावीकडे.

"आधी पाहुने, काका," मी म्हटलं आणि ट्रे फिरवला. आवाज इतका मोठा निघाला की बाबांनी दचकून वर पाहिलं. पण रीत रीत होती, आणि ती काकांचीच. त्यांनी हात मागे घेतला.

त्या माणसानं मी पुढे केलेला गिलास उचलला. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. डोळे मिटले, कडू काढा घेताना घेतात तसा श्वास घेतला आणि पहिला घोट गिळला.

डोळे उघडले.

मला वाटलं आता सगळं कोसळणार. ते गिलासाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर हळू वर आली, माझ्यावर थांबली, आणि माझ्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या पडद्याकडे गेली. पडद्याखाली आईची पावलं दिसत होती. किती वेळ गेला कोण जाणे.

"काहून हो," काकांनी मान पुढे काढली, "तुमच्या गिलासात फेस नाही वाटते?"

"फेसच पेलो ना मी पयले," ते माणूस म्हणालं. "मले फेसच आवडते." आणि गिलास वर करून, घोटामागून घोट, तळापर्यंत प्यायले. शेवटचा थेंबसुद्धा जिभेवर घेतला. गिलास टीपॉयवर ठेवला, छातीवर हात ठेवला, आणि बडीशेपेच्या त्या गरीब पाण्यावर एवढा दणदणीत ढेकर दिला की तो कुठून आणला हे मला आजही कळलेलं नाही.

"वा!" ते म्हणाले. "लय कडक थंडा हाये बाप्पा तुमच्याकडचा."

बैठक मोकळी झाली. काकांनी मांडीवर थाप मारली, बाबांचा चेहरा उजळला. दाराजवळचा मुलगा पांढराफटक पडला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. तो वडिलांच्या पोटाकडे असा बघत होता की जणू तिथून आता धूर निघेल. बाबांना आनंदात काही सुचेना. त्यांनी टीपॉयखाली ठेवलेली दुसरी मोठी बाटली उचलली, झाकण फिरवलं, तोच लांब फुस्स आवाज झाला. "अजून येक घ्या व्याहीबुवा," ते म्हणाले आणि बाटली त्या रिकाम्या गिलासावर वाकडी केली.

पडद्याखालची पावलं पुढे सरकली.

त्यांनी गिलासावर हात ठेवला. "घेतो ना," म्हणाले, हळू, नेहमीच्या आवाजात. "अजून येक घेतोच. पन पोरीच्या हातूनच घेईन. आतून भरून आनू द्या तिले."

मी गिलास घेऊन आत गेले. आई पडदा सोडून खाली फरशीवर बसली होती, पाठ ओट्याला टेकवून. डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि तोंडावर पदर धरून ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मी तिच्याजवळ बसले. पातेलं तिनंच उचललं आणि गिलास भरला, या वेळी उंचावरून नाही, अगदी काठाशी टेकवून.

बाहेर काका मोठ्यानं सांगत होते की मांगच्या बारीनं पाहुन्यायनं आपल्याले उगंच भेवाडलं, पसंती तं तवाच होती. बाबा म्हणत होते, आता जेवूनच जा. मधे मधे तो हळू आवाज ऐकू येत होता, हो म्हणणारा. केनवडच्या त्या बैठकीत सगळ्यांच्या मते मला कुणीतरी पसंत केलं होतं. मुलगा तर मी गच्चीवरच पसंत केला होता. हातात तो गार गिलास धरून, पडद्याच्या अलीकडे उभी राहून, मी घर पसंत केलं.